हलक्या गाण्याच्या बाजूने

सत्तरच्या दशकातील मराठी कवितेवर परीक्षेत प्रश्न आला, की उत्तराचा साचा ठरलेला असतो. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली, १९७७ साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह आला, १९७८ साली मंगेश पाडगावकरांचा ‘सलाम’ आला. मग लघुनियतकालिके, महानगरीय जाणीव, विद्रोह, प्रस्थापिताला नकार. हे सारे खरे आहे आणि ते शिकवलेच पाहिजे. त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती या साच्यात जे कधीच उमटत नाही त्याविषयी. त्याच सुमारास, याच भाषेत, शब्दांचा आणखी एक व्यवहार चालू होता. ‘ही चाल तुरुतुरु’ हे गाणे त्या व्यवहारातले. शब्द शांता शेळके यांचे, चाल देवदत्त साबळे यांची, आवाज जयवंत कुलकर्णी यांचा. साबळे आणि कुलकर्णी या जोडीचेच ‘मनाच्या धुंदीत लहरीत ये ना’. पाश्चात्त्य वळणाचा ठेका, खेळकर चाल, बोलल्यासारखे गाणे. आजच्या भाषेत ज्याला ‘पॉप’ म्हणतात, ते मराठीत या गाण्यांनी आणले. वाङ्मयेतिहासात त्यांना एक तळटीपही मिळालेली नाही.

आम्हांला ही गाणी आवडतात. हे वाक्य मराठीच्या प्राध्यापकांनी लिहिण्याची रीत नाही. आवडीचे काही सांगायचे तर ग्रेस सांगावेत, मर्ढेकर सांगावेत. फारच सैल व्हायचे तर ‘शुक्रतारा’पर्यंत यावे. ‘तुरुतुरु’ सांगितले, की समोरचा सहकारी हसतो आणि आपणही विनोदच केला असे दाखवून विषय बदलावा अशी अपेक्षा असते. ती अपेक्षा आम्ही इथे मोडत आहोत. ही गाणी चांगली आहेत, ती दुर्लक्षित आहेत, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करून मराठीच्या अभ्यासकांनी गाण्यांपेक्षा स्वतःचेच नुकसान अधिक करून घेतले आहे, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम ‘सुगम’ या शब्दाकडे पाहू. १९५२ साली केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांना चित्रपटसंगीत आकाशवाणीवर नको होते. त्या संगीताला पर्याय म्हणून केंद्राकेंद्रांवर जे संगीत तयार होऊ लागले, त्याला नाव हवे होते. शास्त्रीय नव्हे, चित्रपटाचे नव्हे, लोकसंगीतही नव्हे, म्हणून ते ‘सुगम’. म्हणजे हा शब्द आपल्याकडे रुळला तो नभोवाणीच्या कार्यालयीन वर्गवारीतून. पुढे विविध भारतीवर १९६७ साली मुंबई, पुणे आणि नागपूर येथून जाहिराती सुरू झाल्या, केसकरांचे धोरण मागे पडले, पण शब्द राहिला. आणि समीक्षेने तो वर्गवारी म्हणून न घेता निवाडा म्हणून घेतला. सुगम म्हणजे कळायला सोपे. कळायला सोपे म्हणजे करायलाही सोपे. आणि करायला सोपे ते अभ्यासायचे कशाला! या तीन पायऱ्यांपैकी एकही पायरी कोणी सिद्ध केलेली नाही, तरी सारे तिसऱ्या पायरीवर निवांत बसलेले आहेत.

गंमत अशी, की गाणे म्हणून गाण्याला आपण नेहमीच नाकारतो असे नाही. गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले. ती छप्पन्न गीते आपण आदराने ऐकतो आणि त्यांच्यावर लिहितोही. नाट्यपदांवर प्रबंध होतात. ओवी आणि अभंग तर मुळात गायचेच. तेव्हा हरकत गाण्याला नसते. हरकत असते ती विषयाच्या वजनाला. राम असला, विठ्ठल असला, विरह असला, निदान मृत्यूची चाहूल असली, की गीत अभ्यसनीय होते. एखादी मुलगी भराभर चालली आहे आणि तिच्याकडे पाहून एका मुलाचे मन थाऱ्यावर नाही, एवढेच असले की ते ‘हलके’. विषयाच्या वजनावरून कृतीची किंमत ठरवायची नसते, हे आपण पहिल्याच वर्षी मुलांना शिकवतो. मग इथे आपलाच धडा आपण का विसरतो?

आता आक्षेप एकेक करून घेऊ.

पहिला आक्षेप असा, की ही गाणी कागदावर टिकत नाहीत. चाल काढून घेतली की शब्द कोलमडतात. आमचे उत्तर असे, की कोलमडू द्या. भिंतीचा आधार काढल्यावर छप्पर पडते म्हणून छप्पर वाईट ठरत नाही. गीत हे कागदासाठी लिहिलेलेच नसते. ते श्वासासाठी, ठेक्यासाठी, एका विशिष्ट गळ्यासाठी लिहिलेले असते. यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’ हे पुस्तक लिहिले ते गायकांसाठी. पण शब्दाचा अर्थ उच्चारात कसा घडतो हे समजून घ्यायचे तर ते मराठीच्या वर्गातही वाचायला हवे. देव स्वतः कवी, संगीतकार आणि गायक होते, म्हणून त्यांना हे आतून ठाऊक होते.

‘तुरुतुरु’ हा एकच शब्द घ्या. चार अक्षरे, चारही लघु. तोंडात घेतल्याबरोबर जीभ लहान लहान पावले टाकू लागते. इथे चालीचे वर्णन नाही, प्रत्यक्ष चाल आहे. आणि मराठीत ‘चाल’ म्हणजे पावलांची गती आणि गाण्याची धूनही. एका साध्या शब्दात दोन्ही अर्थ एकाच वेळी चालते आहेत, आणि ऐकणाऱ्याला त्याची जाणीवसुद्धा करून दिलेली नाही. हेच एखाद्या नवकवीने केले असते तर आपण श्लेषावर दोन पाने लिहिली असती. आणखी एक गोष्ट मराठीच्या शिक्षकांना सांगायला हवी. आपल्या लेखनविषयक नियमांत पुनरुक्त शब्दांतले दुसरे आणि चौथे अक्षर दीर्घ लिहावे, जसे ‘हळूहळू’, असे म्हटले आहे. परंतु नादानुकारी शब्दांना त्यातून सूट आहे. ‘लुटुलुटु’, ‘दुडुदुडु’, ‘रुणुझुणु’ हे ऱ्हस्वच राहतात. का, तर तिथे नाद हाच अर्थ आहे, उकार लांबवला की पाऊल जड होते. व्याकरणासारख्या कडक शास्त्राने ज्या शब्दांचा हलकेपणा नियम करून जपला, त्यांना समीक्षेने दारात उभे केलेले नाही!

जयवंत कुलकर्णी यांच्या गायनाकडेही याच दृष्टीने ऐकावे. दादा कोंडके यांच्या सुरुवातीच्या चित्रपटांतला आवाज म्हणून लोक त्यांना ओळखतात, आणि ती ओळख त्यांना थोडी महागच पडली. चित्रपटातला खट्याळपणा सर्वांच्या लक्षात राहिला; त्या खट्याळपणामागचे व्यंजनांवरचे प्रभुत्व कोणी पाहिले नाही. ते ताना घेत नाहीत, आवाज दाखवत नाहीत. शब्दाच्या शेवटी अर्धा क्षण थांबून हसू लपवल्यासारखे करतात आणि पुढच्या शब्दावर येतात. हे थांबणे नोटेशनमध्ये लिहिता येत नाही आणि छापील कवितेत तर मुळीच नाही. २००५ साली ते गेले. त्यांच्या गायकीवर आपल्या विद्यापीठीय जगाने काय लिहिले, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या ग्रंथालयात जाऊन करावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९७२चा दुष्काळ, १९७४चा रेल्वे संप, १९७५ ते १९७७ ची आणीबाणी, अशा काळात हे केस भुरभुरण्याचे कौतुक म्हणजे मध्यमवर्गाने डोळ्यांवर ओढून घेतलेली शाल नव्हे काय? हा प्रश्न आम्ही दौंडमध्ये बसून ऐकतो तेव्हा तो आम्हांला जवळचा वाटतो. दौंड हे मनमाडकडे आणि बारामतीकडे फाटे फुटणारे जंक्शन. रेल्वेच्या नोकरीवर वाढलेले गाव. मे १९७४ चा संप देशभरचा होता आणि रेल्वेच्या गावाला तो बातमीतून नव्हे, पगारातून कळतो. बहात्तरचा दुष्काळ हा दौंड, शिरूरच्या घरांतून अजूनही कालगणनेचा खुंटा आहे. जन्म आणि लग्ने ‘दुष्काळाच्या आधी’ आणि ‘दुष्काळाच्या नंतर’ अशी सांगितली जातात. तेव्हा या आक्षेपाला आम्ही मध्यमवर्गीय म्हणून झटकणार नाही.

परंतु त्यात एक गृहीतक आहे आणि ते आम्हांला मान्य नाही. ते असे, की संकटात असलेल्या माणसाला फक्त संकटाचेच गाणे हवे असते. रोजगार हमीच्या खडीवर काम करणाऱ्या बाईने जात्यावरच्या ओव्यांत थट्टा केली नाही काय? आपल्या लोकगीतांचा अर्धा संसार नणंद-भावजयीच्या चेष्टेवर उभा आहे, आणि त्या ओव्या काही सुबत्तेच्या काळात रचल्या गेलेल्या नाहीत. श्रमिकाने कायम गंभीर असावे ही मागणी श्रमिकाची नसते; ती त्याच्याविषयी लिहिणाऱ्यांची असते. ‘गोलपिठा’ आणि ‘तुरुतुरु’ ही एकाच काळाची दोन अपत्ये आहेत. एकाने भाषेच्या सभ्यतेचा दरवाजा फोडला, दुसऱ्याने तिच्या खिडक्या उघडल्या. दोन्हींचे मोल सारखे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या इतिहासात फक्त पहिल्याचीच नोंद आहे, त्या इतिहासातली माणसे कधी हसतच नाहीत, आणि असा काळ कुठेही होऊन गेलेला नाही.

तिसरा आक्षेप आजच्या विद्यार्थिनींचा आहे आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. रस्त्याने चाललेल्या मुलीकडे पाहणारा, तिला बोल म्हणून विनवणारा, तिच्या रागालाही लाडिकपणा समजणारा हा तरुण आज कौतुकाने ऐकायचा काय? हा प्रश्न टाळू नये असेच आम्हांला वाटते. पण त्याचे उत्तर देण्यासाठी आधी गाणे अभ्यासाच्या टेबलावर यावे लागेल. ते आले की काही गोष्टी दिसू लागतात. हे पुरुषाच्या तोंडचे गाणे एका स्त्रीने लिहिले आहे, आणि ती स्त्री तेव्हा पन्नाशीच्या आसपासची, महाविद्यालयात मराठी शिकवलेली, कालिदासाच्या ‘मेघदूता’चा अनुवाद करणारी आहे. वाट अडवणारा आणि खोटा राग आणणारी ही जोडी तिने शोधलेली नाही. ती एकनाथांच्या गवळणींतून आणि शाहिरांच्या लावण्यांतून चालत आलेली आहे. केवड्याच्या बनातली नागीणही त्याच परंपरेतली. जुनी प्रतिमा नव्या ठेक्यावर ठेवल्यावर तिचे काय होते, पुरुषी नजर स्त्रीच्या लेखणीतून गेल्यावर तशीच राहते की तिच्यात कुठे थट्टा शिरते, हे प्रश्न उत्तम शोधनिबंधाचे आहेत. गवळण शिकवताना आपण आध्यात्मिक अर्थाचा पदर घेऊन हा प्रश्न झाकतो. या गाण्याला असा पदर नाही. म्हणून उलट इथे तो उघडपणे विचारता येतो. मुलींना तो विचारू द्यावा, आणि गाणे नापसंत करू द्यावे. नापसंती हीसुद्धा समीक्षाच आहे. गैरहजेरी ही समीक्षा नव्हे.

लावणीचे उदाहरण इथे पुरे बोलके आहे. शाहिरांच्या शृंगारिक लावण्यांकडे एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षितांनी नाके मुरडली. पुढे म. वा. धोंडांनी ‘मऱ्हाटी लावणी’ लिहिली, इतरांनी शाहिरी वाङ्मयाची संपादने केली, आणि आज लावणीवर प्रश्न विचारला तर कोणी दचकत नाही. म्हणजे हलक्या गाण्याला प्रतिष्ठा मिळते. फक्त त्यासाठी त्याच्या सगळ्या कर्त्यांनी आधी मरावे लागते, अशी आपली पद्धत आहे.

चौथा आक्षेप परकेपणाचा. पाश्चात्त्य ठेका उचलला, म्हणून हे मराठी नव्हे. हा आक्षेप ज्यांच्यावर घेतला जातो ते देवदत्त साबळे शाहीर साबळे यांचे चिरंजीव आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज, या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला २०२३ साली राज्यगीताचा मान मिळाला, तो योग्यच होता. पण ज्या घरात डफ वाजत होता, त्याच घरातल्या पुढच्या पिढीला नवा ठेका ऐकू आला आणि त्याने त्यावर मराठी पावले टाकून दाखवली, ही घटना सांस्कृतिक इतिहासात नोंदण्याजोगी नाही काय? आपली संगीत रंगभूमी कर्नाटकी आणि इतर चाली घेऊनच वाढली. तिला कोणी परकी म्हणत नाही. आणि ज्यांना लघुनियतकालिकांच्या पुण्याईवाचून काही पटत नाही, त्यांच्यासाठी सांगायचे तर अरुण कोलटकर पखवाज शिकत होते आणि संगीतासाठी इंग्रजी गीते लिहीत होते. अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’मध्ये ती वाचायला मिळतात. आपल्या सर्वांत अवघड कवीला गाणे लिहिण्यात कमीपणा वाटला नाही. तो वाटला त्याच्या अभ्यासकांना.

हे झाले विरोधकांविषयी. पण या गाण्यांचे मित्रही त्यांचे फारसे भले करत नाहीत. एक गट स्मरणरंजनाचा. ‘सुवर्णकाळ’ नावाच्या कार्यक्रमात निवेदक दोन गाण्यांच्या मध्ये आठवणी सांगतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात, आणि गाणे म्हणजे श्रोत्याच्या तारुण्याचा फोटो होऊन बसते. दुसरा गट विद्वानांचा. त्याला गाणे आवडते, पण ते खोल आहे असे सिद्ध केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. २०१६ साली बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल मिळाले, तेव्हा मराठीतही गीत आणि कविता यांच्या नात्यावर बोलले गेले. परंतु डिलनचा दाखला इथे पुरत नाही, कारण डिलन जड आहेत. त्यांच्या निमित्ताने पुन्हा वजनाचाच सत्कार होतो. आमच्या बाजूचा साक्षीदार पॉल मॅकार्टनी. निव्वळ प्रेमाची भाबडी गाणी लिहितो अशी टीका होत असताना १९७६ साली त्यांनी ‘सिली लव्ह साँग्ज’ हे गाणेच काढले. भाबडी प्रेमगीते लिहिली तर बिघडले काय, एवढाच त्याचा सवाल, आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्या सवालाचे उत्तर कोणत्याही भाषेतल्या समीक्षेने अजून नीट दिलेले नाही.

शांताबाईंच्या बाबतीत या वृत्तीचा परिणाम फार स्पष्ट दिसतो. आमच्या शेजारच्या इंदापूरला १९२२ साली जन्मलेली ही कवयित्री. १९४७ चा ‘वर्षा’, १९७५ चा ‘गोंदण’, पुढचे संग्रह, ‘चौघीजणी’सारखा अनुवाद, ‘धूळपाटी’ हे आत्मपर लेखन, आणि १९९६ साली आळंदीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. त्याच हातून ‘मी डोलकर’सारखी कोळीगीते आली, नाट्यपदे आली, आणि ‘डॉ. वसंत अवसरे’ या टोपणनावाने चित्रपटगीतेही आली. टोपणनाव हा व्यवहार झाला. पण अभ्यासकांनी मात्र खरोखरच दोन माणसे करून ठेवली: एक वर्गात बसवायची शांता शेळके, आणि दुसरी रेडिओवर सोडून द्यायची. ‘गोंदण’ आणि ‘तुरुतुरु’ एकाच लेखणीतून कसे आले, एकीतला संयम दुसरीतल्या खेळाला कुठे उपयोगी पडला, हा प्रश्न विचारल्याशिवाय या कवयित्रीवरचा अभ्यास पुरा कसा मानायचा?

यात पणाला काय लागले आहे, तेही सांगतो. आमच्या वर्गात येणारी मुले पाटस, यवत, केडगाव, शिरूरकडच्या गावांतून येतात. त्यांच्या घरी कवितासंग्रह नसतो, गाणी असतात. हळदीत, वरातीत, उसाच्या ट्रॅक्टरवर, रेल्वेच्या डब्यात ती शेकडो ओळी पाठ करून आलेली असतात. म्हणजे यमक, आवर्तन, ध्रुवपद, श्लेष यांचा अनुभव त्यांच्यापाशी तयार असतो. नावे तेवढी नसतात. वर्गात पाऊल ठेवताच आपण त्यांना न बोलता सांगतो, की तुला जे पाठ आहे ते साहित्य नव्हे. मूल शहाणे असते. ते आपली आवड दाराबाहेर काढून ठेवते आणि उत्तरपत्रिकेत ‘जाणिवेची दाहकता’ असले उसने शब्द लिहू लागते. रसग्रहण शिकवण्याच्या नावाखाली आपण रस काढून घेतो आणि ग्रहण तेवढे उरते. दुसरीकडे, हलक्या गाण्यांतले चांगले कोणते आणि वाईट कोणते, हे सांगण्याची जबाबदारी आपण सोडून दिल्यामुळे तो निवाडा वरातीतल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीकडे गेला आहे. तिथे मोठा आवाज हाच निकष. याला जबाबदार डीजे नव्हे, आपण आहोत.

सगळी हलकी गाणी चांगली असतात असा आमचा दावा मुळीच नाही. बहुतेक वाईटच असतात, जशा बहुतेक गंभीर कविताही वाईट असतात. म्हणूनच निवड करणारी समीक्षा हवी. आमच्या मागण्या साध्या आहेत. साठोत्तरी कवितेच्या घटकात निदान चार गीते असावीत, आणि ती वाचून नव्हे, ऐकून शिकवावीत. ‘हा शब्द गायकाने असा का उच्चारला’ हा प्रश्न ‘प्रतिमासृष्टी स्पष्ट करा’ या प्रश्नाइतकाच मानाचा व्हावा. प्रकल्प म्हणून विद्यार्थ्यांनी गावातल्या बँडवाल्यांकडे, जुन्या तबकड्या जपणाऱ्यांकडे जावे. कोणते गाणे कोणाचे, कोणत्या वर्षाचे, वाजवणारे कोण, याच्या नोंदी कराव्यात. आजवर हे काम हौशी रसिकांनी पदरमोड करून केले आहे आणि त्यांच्या नोंदींवर आपण आयते विसंबतो. विद्यापीठांनी ते निदान पुढे न्यावे.

आणि एवढे काहीच जमले नाही, तर निदान एक गोष्ट प्रत्येकाला जमण्यासारखी आहे. पुढच्या वेळी वर्गात एखाद्या मुलाने आवडती कविता म्हणून ‘ही चाल तुरुतुरु’चे नाव घेतले, तर हसू नये. ‘का आवडते?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.